घरी येणारी नर्सिंग सेवा, वेंगुर्ला परिसर

सासूबाईंचा आतड्याचा कॅन्सर पुढे गेलेला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर कुडाळहून सिस्टर पाठवणारी ही सेवा आम्ही घेतली. ड्रेसिंग, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, यात नाव ठेवायला जागा नाही. पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी.

मोठ्या दिरांनी आल्या आल्या सिस्टरना बजावलं, "आईला अल्सर झालाय एवढंच सांगायचं." सिस्टर म्हणाल्या, "आजाराचं नाव मी आपणहून काढणार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." दीर चिडले, सेवा बंद करतो म्हणाले. सिस्टरांनी आवाज चढवला नाही आणि शब्दही फिरवला नाही.

सासूबाईंनी विचारलंच. अंग पुसून घेताना म्हणाल्या, "गो बाय, माका नेमका झाला हा तरी काय? सगळी माझ्यासमोर गप कित्याक ऱ्हवतत?" सिस्टरांनी टॉवेल बाजूला ठेवला, खाटेवर टेकल्या आणि विचारलं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? "सगळा," सासूबाई म्हणाल्या. सिस्टरांनी आम्हाला तसं सांगून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येऊन त्यांच्याशी सावकाश बोलले. त्या खूप रडल्या. मग मुंबईच्या नातीला बोलावून घेतलं, बागेतली कुठली कलमं कोणाला द्यायची ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अल्सरचीच गोष्ट चालू राहिली असती तर हे राहूनच गेलं असतं.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णाचे १७ हक्क आहेत. आजाराची माहिती मिळणं आणि ती गुप्त राहणं, दोन्ही त्यात येतं. वाडीतल्या बायका दारात येऊन खोदून विचारायच्या, तेव्हा "ते त्यांनाच विचारा" म्हणून सिस्टर दार लोटून घ्यायच्या.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. सिस्टर रजेवर असताना बदली आलेल्या मुलीने शेजारणींसमोरच चादर वर करून पाठीची जखम दाखवली. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी ऑफिसला फोन केला, त्यांनी माफी मागितली आणि तिला पुन्हा आमच्याकडे पाठवलं नाही. तरी बदलीच्या मुलींना आधी नीट शिकवायला हवं.

सेवा जरूर घ्या. सिस्टर आणि बदलीची सिस्टर, दोघींशी आधी बोलून घ्या. चतुर्थीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवा.