675 पटींचे आमिष आणि फोकसची खोटी दुरुस्ती

दुर्बिणीचा फोकस बिघडला आहे असे कोणी सांगितले, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या दुर्बिणीचे भिंग 60 मिलिमीटर व्यासाचे, नाभीय अंतर 900 मिलिमीटर, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 675 पट वर्धन. 4 मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, आणि वर्धन तिप्पट करणारे बार्लो भिंग लावून मी दोन आठवडे गुरू पाहिला, पण थरथरणाऱ्या पिवळट डागापलीकडे काहीच दिसले नाही. विक्रेता म्हणाला, “भिंग सरकले आहे, फोकस नव्याने बसवावा लागेल,” आणि त्यासाठी त्याने दुर्बिणीच्या किमतीच्या 35 टक्के रक्कम आगाऊ घेतली.

दुर्बीण परत देताना त्याने ती दूरच्या मनोऱ्यावर रोखून दाखवली आणि मनोऱ्याची कड रेखीव दिसली. मला तिथेच कळायला हवे होते. बार्लो त्याने माझ्यासमोर काढून ठेवले होते आणि आता 20 मिलिमीटरची नेत्रिका लावली होती, म्हणजे वर्धन अवघे 45 पट! याच नेत्रिकेतून मला पहिल्या रात्री चंद्रावरची विवरे स्वच्छ दिसली होती. मग बिघडले काय होते? पण भिंगाच्या मिलिमीटरांच्या साधारण दुपटीपुढे, म्हणजे इथे 120 पटींपुढे, प्रतिमा नुसती मोठी आणि अंधूक होते, हे नवख्याने कुठून जाणावे? खोक्यावर तर ते लिहिलेले नव्हते.

फोकसचे चाक सावकाश फिरवून तारा पाहा. ताऱ्याची चकती लहान होऊन पुन्हा मोठी होत असेल, तर फोकस येऊन गेला आहे आणि दुरुस्तीची गरज नाही. नळी पूर्ण बाहेर येऊनही चकती लहानच होत राहिली, तर डायगोनल, म्हणजे नेत्रिकेआधी बसणारा प्रकाश वळवणारा आरसा, बसवायचा राहिला आहे का ते आधी तपासा.

ग्राहक तक्रार कक्षाने सहा आठवडे घेतले, तीन वेळा तीच कागदपत्रे मागितली आणि शेवटी कळवले की 900 भागिले 4 गुणिले 3 म्हणजे 675, त्यामुळे दावा खोटा ठरत नाही. गणित मलाही येते. दुरुस्ती कशाची झाली, हा माझा प्रश्न होता आणि त्यावर उत्तरात एक ओळही नव्हती. वरच्या कार्यालयाने माझा अर्ज पुन्हा त्याच कक्षाकडे पाठवला.

बंद खिडकीच्या काचेतून पाहून दुर्बिणीला दोष देऊ नका, आणि ती सूर्याकडे कधीही रोखू नका. दुरुस्त करून आणलेली दुर्बीण ताब्यात घेताना, जी नेत्रिका लावून तक्रार केली होती तीच लावून दाखवायला सांगा. मी ते सांगितले नाही. आता 20 मिलिमीटरच्या नेत्रिकेतून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. ते 35 टक्के मात्र अजून परत मिळालेले नाहीत.