कमानी छपराच्या कालवाघरात हिवाळा काढल्यावर

बर्मिंगहॅममधले मराठी मित्र विचारतात, स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचं जुनं कामगारघर भाड्याने घ्यावं का? हिवाळा आणि वसंत तिथे काढल्यावर माझं उत्तर असं: जरूर घ्या, पण घराच्या कलाने राहायची तयारी हवी.

कालव्याचा ठरावीक पट्टा सांभाळणाऱ्या माणसासाठी हे घर बांधलेलं. पाण्याची पातळी, गळती, काठाचं कुंपण, सगळं त्याच्याकडे. १७९३ मध्ये खोदायला घेतलेला कालवा स्ट्रॅटफर्डला पोचायला १८१६ उजाडलं. लॅपवर्थ गावाच्या दक्षिणेला अशी मोजकी घरं उरली आहेत. छप्पर म्हणजे आडवं ठेवलेलं अर्धं पिंपच. पूल बांधणाऱ्यांचा हात विटांच्या कमानीवर बसलेला, म्हणून घरालाही तीच घातली, असं सांगतात.

कमान देखणी आहे, पण भिंत वर जाता जाता आत वळते. उंच कपाट लावलं की वरचा कोपरा आधी टेकतो आणि खाली हातभर जागा वाया जाते. बुटकी कपाटं आणि खुंट्या, एवढ्यावरच भागवा.

खरा प्रश्न ओलीचा. भिंती भरीव विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. चुना ओल घेतो आणि सोडतो. मागच्या खोलीत कुणीतरी पूर्वी सिमेंट थापलंय; नेमके तिथेच पोपडे सुटतात आणि पांढरा क्षार फुटतो. भाताची वाफ गार कमानीवर थेंब धरते, म्हणून जानेवारीतही खिडकी उघडी ठेवूनच स्वयंपाक करायचा. कपडे घरात अजिबात वाळत घालू नका. इमारत संरक्षित यादीत असल्याने दुहेरी काचा मनाला येईल तशा बसवता येत नाहीत. लाकडाची शेगडी मात्र मन लावून पेटवा: विटा तापायला वेळ घेतात, पण ऊब रात्रभर टिकते.

दाराशीच लॉक आहे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटी वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद. उन्हाळा जवळ आला की अरुंद, जेमतेम ७ फूट रुंदीच्या बोटी येऊ लागतात. दातेरी चाकाची कटकट ऐकू आली की समजायचं, झडप उघडतेय. मग लाखभर लिटर पाणी खाली सुटतं. त्याहून मला आवडतो तो लोखंडी पूल. मधोमध बोटभर फट ठेवलीय, बोट ओढणाऱ्या घोड्याचा दोर त्यातून सरकवता यावा म्हणून. घोडा सोडायची गरजच नाही! कालव्याचा हा दक्षिणेकडचा भाग कायमचा बंद व्हायच्या बेतात होता. स्वयंसेवक, सैनिक आणि कैद्यांनी गाळ उपसून तो उभा केला आणि १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला.

लॅपवर्थहून बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट स्टेशनला थेट गाडी मिळते. काठाला कठडा नाही, रात्री अंधार गुडुप. लहान मुलं किंवा थकलेले आईवडील सोबत असतील तर मी नको म्हणेन. आम्ही मात्र करार वाढवलाय. मागच्या खोलीतलं सिमेंट काढून चुना लावून द्यायला मालक तयार झालेत.