शिक्का मारलेला नकाशा म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

सांगलीत घर बांधताना आमच्या कुटुंबाची बांधकाम परवानगीच्या नावाखाली फसवणूक झाली. त्याच माणसाने त्याच पद्धतीने फसवलेली आणखी काही कुटुंबे नंतर भेटली, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

विश्रामबाग भागात आमचा साडेतीन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे. सेंट्रिंगच्या ठेकेदाराने एका गृहस्थांची गाठ घालून दिली. त्यांच्या दारावर 'आर्किटेक्ट' अशी पाटी होती. प्लॅन पास करण्याचे, विकास शुल्क आणि कामगार उपकर धरून, त्यांनी अडीच लाख रुपये घेतले. चलनाची पावती मात्र "फाईलला जोडली आहे" असेच सांगत राहिले. पाऊस तोंडावर आल्यावर त्यांचा फोन आला, "दादा, तुम्ही पाया घ्या. साठ दिवस होऊन गेले, कायद्याने परवानगी मिळाल्यातच जमा आहे." पुढच्याच आठवड्यात त्यांनी शिक्का मारलेला नकाशा आणून दिला आणि काम सुरू झाले.

गृहकर्जासाठी आलेल्या बँकेच्या इंजिनिअरने तो नकाशा हातात घेताच प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची लेखी परवानगी, मागितले, आणि ते नव्हतेच. त्यानंतर त्याने नकाशातल्या एकेक गोष्टीवर बोट ठेवले. निळ्या शाईचा गोल शिक्का, लफ्फेदार सही, जावक क्रमांक हे सगळे होते, पण तारीख रविवारची होती. क्षेत्र विवरणाच्या तक्त्यात समोरचा रस्ता नऊ मीटरचा लिहिला होता. आमचा रस्ता सहा मीटरचा आहे. सर्व्हे नंबरभोवती कागदाची पट्टी डकवून झेरॉक्स काढल्याची पुसट चौकट दिसत होती, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी मंजूर नकाशावर आमचा नंबर चढवलेला होता. नगररचना विभागात चौकशी केली तेव्हा आमच्या नावाची फाईल आवकच झालेली नाही, असे लेखी उत्तर मिळाले, आणि पाठोपाठ काम थांबवण्याची नोटीस आली.

साठ दिवसांची ती गोष्ट अर्धी खरी असल्यामुळेच माणूस तिला बळी पडतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची, तरतूद आहे, पण ती कलम 44 खाली रीतसर अर्ज दाखल झाला असेल आणि प्रस्ताव नियमावलीत बसत असेल तरच लागू होते. परवानगीशिवाय केलेल्या बांधकामासाठी कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. नोटीस येते ती जागामालकाच्या नावाने. पैसे घेणाऱ्याचे नाव तिच्यात कुठेच नसते, याचा आम्हाला फार मनस्ताप झाला.

वास्तुविशारद अधिनियम, 1972 नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. हा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. या गृहस्थांची नोंदणीच नव्हती. परवानगीचा अर्ज आता ऑनलाइन भरला जातो, त्यामुळे लॉगिन, अर्ज क्रमांक आणि शुल्काचे चलन स्वतःच्या नावाने मागून घ्यावे आणि शुल्काची रक्कम मध्यस्थाच्या हातात न देता थेट भरावी. मंजूर नकाशासोबत अटींसह प्रारंभ प्रमाणपत्र येते. पुढे जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, अशी ही साखळी आहे, आणि पहिली कडीच खोटी निघाली तर पुढचे काहीच मिळत नाही. सांगलीत कृष्णेच्या पूररेषेचा प्रश्नही आहेच. 2019 चा महापूर पाहिलेल्या गावात प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे तोंडी आश्वासनावर सोडणे धोक्याचे आहे. ते अधिकृत नकाशावरच पाहावे.

आम्ही पोलिसांत फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तक्रार दिली आहे. नोंदणीकृत वास्तुविशारदामार्फत नवा प्रस्तावही दाखल केला आहे. झालेल्या पायाचा काही भाग सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, येत असल्याने तो काढावा लागणार आहे. ठेकेदाराच्या ओळखीने मिळालेला नकाशा ज्यांच्या घरात असेल आणि ज्यांचे जोते अजून व्हायचे असेल, त्यांनी त्यावरचा जावक क्रमांक नगररचना विभागात दाखवून लेखी खात्री करून घ्यावी आणि तोवर काँक्रीट ओतू नये.