निगेटिव्ह स्कॅन: काम झकास, पण सांगून ठेवा

लातुरात गंजगोलाईमागच्या बोळातल्या लॅबमधून १९९३च्या किल्लारी भूकंपाच्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या. काम झकास. बुरशी लागलेली असूनही ढिगाऱ्यातला दगड न् दगड सुटा दिसतो. भावही वाजवी. पण एका फोटोत कडेला उभा असलेला कॅमेरावाला तिथल्या पोऱ्यानं न विचारता पुसून टाकला. वर म्हणतो, "काका, फ्रेम क्लीन केली!" अरे बाबा, हा काय लग्नाचा अल्बम आहे? सीरियातल्या फोटोतून असाच एक व्हिडिओ कॅमेरा पुसला, म्हणून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०१४ साली छायाचित्रकाराशी संबंधच तोडले. निगेटिव्हवरची धूळ काढा की खुशाल, पण बातमीच्या फोटोत जे आहे ते पुसू नका! मालकांनी मात्र कुरकुर न करता मूळ स्कॅन दिला. बातमीचे फोटो असतील तर पाकिटावर 'फक्त स्कॅन' असं ठळक लिहूनच द्या.