रिकाम्या ट्रॉलीचा फाळका पाहून सौदा केला अन् फसलो

ट्रॅक्टरची सेकंडहॅन्ड ट्रॉली घ्यायच्या विचारात कोणी असेल तर आधी माझं ऐकून घ्या, मग जा पाहायला. माझे १ लाख १० हजार गेले, वरून कापूस रस्त्यावर सांडला, अन् मागून येणारं एक जोडपं गाडीसकट नालीत जाता जाता वाचलं ते वेगळंच. फसवलं कशात तर फाळक्यात. मागचा फाळका, म्हणजे ट्रॉलीचं मागचं दारच, जो आपण पाहतच नाही, टायर पाहतो, एक्सल पाहतो, पाटे पाहतो अन् फाळक्याला एक लाथ मारून हो चांगला आहे म्हणतो.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. घरची जुनी ट्रॉली सडली होती, सोयाबीनचे पैसे हातात आले होते, म्हटलं कापूस निघायच्या आत ट्रॉली करून टाकू. एका ओळखीच्या पोट्ट्याने एका दलालाचा नंबर दिला. त्याच्या अंगणात पाच-सहा ट्रॉल्या उभ्या, त्यातली एक निळी, नवा कोरा रंग, कडेला पिवळी पट्टी, मागे रिफ्लेक्टर टेप सुद्धा लावलेली. म्हणे दोन वर्षं जुनी आहे, मालकाने वावर ठोक्याने दिलं म्हणून विकून राह्यला.

बाबा सोबत होते. त्यांनी एकदा चक्कर मारली अन् हळूच म्हणाले, "इकाची असन तं माणूस धुवून पुसून ठेवते, रंग कायले मारते रे?" मी म्हटलं बाबा आजकाल सगळेच मारतात. आता वाटते तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं, पण बाप म्हणतो ते खरं असते हे समजायला पोराचं नुकसानच व्हावं लागते बहुतेक.

मी फाळक्याचं विचारलं बरं का, नाही विचारलं असं नाही. कारण आमच्या जुन्या ट्रॉलीचा फाळका दोनदा रस्त्यात उघडला होता, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. तर त्या माणसाने काय केलं, फाळका लावला, दोन्ही बाजूचे दांडे सरकवले अन् स्वतः चढून फाळक्याला लटकला. "पाहा भाऊ, ऐंशी किलोचा माणूस लटकून राह्यला, कायले उघडन? रिकामी असो का भरेल, हा फाळका उघडत नाही, मी सांगून राह्यलो ना तुमाले." मग त्याच्याच ट्रॅक्टरला जोडून खड्ड्याखुड्ड्यातून एक चक्कर मारून आणली, जरा जोरातच. खडखड आवाज झाला पण फाळका जागचा हलला नाही. मी खूश. ५०० च्या स्टॅम्पवर लिहून झालं, त्यात एक ओळ होती की ट्रॉली जशी आहे तशी पाहून समजून घेतली, मी वाचली पण अन् सही पण केली. पैसे रोख मागितले तेही दिले. आरसीचं, म्हणजे नोंदणीच्या कागदाचं, विचारलं तर म्हणे मालक बाहेरगावी आहे, आठ दिवसात आणून देतो, तुम्ही नाव बदलायच्या २९ अन् ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून ठेवा.

आता तो लटकल्याने का उघडला नाही अन् कापूस भरल्यावर का उघडला हे सांगतो, कारण खरी चलाखी तिथेच आहे. मागचा फाळका खाली बिजागरीवर असते. वरच्या दोन्ही टोकाला सरकता दांडा, तो ट्रॉलीच्या मागच्या खांबाच्या भोकात जाते. माझ्या ट्रॉलीत तो आत जात होता जेमतेम दीड इंच. माणूस लटकला की वजन येते दांड्यावर, खांब काही फाकत नाही, त्यामुळे दांडा भोकातच राहते. रिकाम्या ट्रॉलीला कितीही हादरवा, तेच. पण कापूस आपण कसा भरतो? चार माणसं वर चढून तुडवून तुडवून. तुडवलेला कापूस म्हणजे स्प्रिंग आहे, तो चारी बाजूने रेटत असतो, बाजूचे फाळके फुगतात, अन् मागचे दोन खांब डावी-उजवीकडे फाकतात. खांब फाकला की दांडा तिथल्या तिथे राहून भोकच त्याच्यापासून लांब जाते. म्हणूनच बऱ्याच ट्रॉल्यांना मागच्या दोन खांबांना धरून ठेवणारी आडवी साखळी असते. माझ्या ट्रॉलीला साखळी नव्हती. मला वाटलं डिझाईनच तसं असेल. यावर मी पुढे येतो.

डिसेंबरात सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीचा स्लॉट मिळाला, २०२५-२६ च्या त्या हंगामात सगळं कपास किसान ॲपवरच होतं, दिलेल्या तारखेला माल घेऊन जाणं भाग. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ८११० होता अन् बाहेर व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता, त्यामुळे स्लॉट सोडायचा प्रश्नच नव्हता. मी चार दिवस कापूस उन्हात पसरवला कारण ओलावा ८ टक्क्याच्या वर गेला की भाव कापतात अन् १२ च्या वर घेतच नाहीत. एवढी काळजी कापसाची केली, ट्रॉलीची शून्य. २२ क्विंटल भरला, वरून ताडपत्री, दोर, अन् सकाळी सहाला निघालो. जामच्या चौकातून हिंगणघाटकडे वळलो, ४४ नंबरच्या हायवेवर आलो तोवर सगळं बरोबर होतं. पुढे एका पुलाचा जोड लागला, ट्रॉली उसळली अन् ट्रॅक्टरवर काहीच समजलं नाही मला. मागून एक जण मोटरसायकल दामटत आला अन् ओरडला, "ओ भाऊ, कापूस, कापूस!"

वळून पाहिलं तर उजवा दांडा निसटलेला, फाळका तिरपा होऊन एका बाजूने लोंबत होता अन् मागे लांबपर्यंत पांढरी लाईन. त्यातच ते जोडपं. फाळक्याचं टोक रस्त्यावर घासत होतं, त्या ठिणग्या पाहून बिचाऱ्याने गाडी खाली उतरवली, बाई पडता पडता राहिली. मी हात जोडले. तो काही बोलला नाही, बाईच म्हणाली की दादा आमची लेकरं घरी आहेत. ते वाक्य अजून डोक्यात आहे.

तासभर रस्त्यावरून कापूस वेचला. घरच्या बाया वावरातून स्वच्छ वेचून आणतात अन् आम्ही हायवेवरून खड्यासकट गोळा केला. अंदाजे चार क्विंटल माती लागलेला निघाला, तो व्यापाऱ्याने ५२०० नं घेतला तेही उपकार केल्यासारखा. क्विंटलभर तर उडूनच गेला असेल.

गावात आमचा एक वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडे ट्रॉली लावली. त्याने काय केलं तर जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं अन् मागच्या खांबावरून फिरवलं. खाली टक्कन चिकटलं, वरती अर्ध्या फुटाच्या जागेत पडायलाच लागलं. पुट्टी! पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असला की चुंबक धरत नाही. छिन्नीने खरवडलं तर आत तुटलेला खांब, त्यावर पातळ पट्टी ठोकून चार ठिकाणी टाके मारलेले, अन् त्याच्याच वर दोन्ही खांबांवर हुकाच्या उपटलेल्या जागा. म्हणजे साखळी होती भाऊ! कधीतरी ट्रॉली पलटली असेल नाहीतर मागून कोणी ठोकलं असेल, हुक खांबासकट फाटले, तर या माणसाने नवीन खांब टाकायचा सोडून हुकच काढून टाकले, भोकं बुजवली अन् निळा रंग मारला. अन् वर लटकून दाखवते! त्याला माहीत होतं की लटकल्याने काहीच समजत नाही.

फोन लावला तर आधी चांगला बोलला, मग म्हणाला, "तुमच्या भरण्याले मी काय करू? माझ्याकडं होती तोवर उघडला होता का?" मी म्हटलं तुझ्याकडे रिकामी होती. फोन कट.

पोलीस ठाण्यात गेलो. आपण चारशेवीस चारशेवीस म्हणतो, आता ते नवीन कायद्यात ३१८ झालं हे तिथेच समजलं. साहेबाने स्टॅम्प पाहिला, 'पाहून समजून घेतली' या ओळीवर बोट ठेवलं अन् म्हणाले आता हे कसं करायचं. तरी अर्ज घेतला. चेसिस नंबर पाहायला लावला तर आणखी एक गोष्ट निघाली, चेसिसवर ठोकलेला नंबर ग्राईंडरने घासलेला, अर्धाच वाचता येते. ट्रॉलीला इंजिन नसते, ओळख म्हणजे तो एकच नंबर, तोच नाही तर नावावर कशी करणार? अन् विमा म्हणाल तर ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली वेगळी दाखवावी लागते, आपोआप येत नाही. माझ्या पॉलिसीत नव्हती. ते जोडपं त्या दिवशी खरंच पडलं असतं तर मी वावर विकून पण मोकळा झालो नसतो.

कोणी घेत असेल तर चुंबक खिशात ठेवा, खास करून मागच्या दोन खांबांवर फिरवा. साखळी नसेल तर हुकाच्या जागा कुठे होत्या ते बोटाने चाचपा. दांडा खांबात किती जाते ते टेपने मोजा, अन् दांड्याला आडवी खिट्टी आहे का तेही पाहा. सगळ्यात मोठं म्हणजे ट्रायल भरून घ्या. कडबा भरा, कुटार भरा, काहीही, पण बाजूला रेटणारं पाहिजे, अन् दोन्ही खांबांमधलं अंतर भरायच्या आधी अन् नंतर मोजा. विकणारा नाही म्हणत असेल तर चहा पिऊन घरी या.

आमच्या वेल्डिंगवाल्याने दोन्ही खांब नवीन टाकले, साखळी लावली, १४ हजार घेतले. आता ट्रॉली वावरातून घरापर्यंतच चालते, रोडवर काढत नाही, कागद नाहीत ना. परवा त्या दलालाच्या गावावरून एसटीने गेलो तर त्याच्या अंगणात एक हिरवी उभी होती. रंग ओलाच दिसला. २९ अन् ३० चे फॉर्म माझ्या सह्या करून टीव्हीच्या खाली पडले आहेत, विकणाऱ्याच्या सहीची जागा कोरी.