चंद्रावरच्या क्लेव्हियस विवरासाठी १३० मिमी टेबलटॉप (टेबलावर ठेवून वापरायची) दुर्बीण: घ्यावी का?

चंद्रासाठी घ्यायची, तर जरूर. या परावर्ती (आरशाने प्रकाश गोळा करणाऱ्या) दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ६५० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं.

क्लेव्हियस हे चंद्राच्या दक्षिणेकडचं सुमारे २३० किमी रुंदीचं पुरातन विवर. २५ मिमीच्या आयपीसने (२६ पट) नुसता खळगा दिसतो. १० मिमीने (६५ पट) खरी मजा: दक्षिण कडेवरच्या रदरफर्डपासून निघून तळावर वळत जाणारी, लहान लहान होत गेलेली विवरांची कमान. यातली डी, सी, एन अशा अक्षरांनी ओळखली जाणारी विवरं सहज ओळखू येतात. ‘जे’ हे विवर १२ किमीचं, त्यासाठी दोन पट बार्लो (आयपीसची पट वाढवणारं जोडभिंग) लावून १३० पट करा. बार्लो वेगळा घ्यावा लागतो, तिथे कंजुषी नको.

शुक्ल नवमी-दशमीची संध्याकाळ गाठा. पौर्णिमेला सावल्याच नसतात, विवर हरवतं आणि शेजारच्या टायको विवराचे पट्टेच भाव खातात.

कोल्हापुरात उन्हाळ्यात तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडतो, प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. गच्चीपेक्षा गवताचं मैदान बरं. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवू नका. फोकस फिरवला की सगळं थरथरतं.

खड्ड्यांतून नेल्यावर आरसे हलतात. तारा किंचित आउट-ऑफ-फोकस करून वर्तुळं एककेंद्री आहेत का बघा. नसतील तर मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवा.

विमानात बसवलेल्या सोफिया वेधशाळेने क्लेव्हियसमध्येच पाण्याचे रेणू टिपल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. ते अर्थात या दुर्बिणीत दिसत नाहीत.