टर्मिनलवरचा खेळ: साधं प्रिंट-इनपुट की कर्सेस?

पायथनमध्ये टर्मिनलवर, म्हणजे फक्त अक्षरं दिसणाऱ्या खिडकीत, चालणारा खेळ लिहायचा तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: प्रिंट (मजकूर छापणं) आणि इनपुट (उत्तर टाइप करून घेणं) यांवर भागवायचं, की टर्मिनलची स्क्रीन आणि बटणं थेट हाताळणारी कर्सेस लायब्ररी घ्यायची?

अंक ओळखा, फुली-गोळा अशा खेळांना प्रिंट-इनपुट पुरेसं आहे. खेळाडू विचार करतो, उत्तर टाइप करतो, एंटर दाबतो. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. लूप, अटी, लिस्ट हे सगळं यातच पक्कं होतं.

पण सापाचा खेळ करायचा असेल तर? इनपुट एंटरची वाट बघत थांबतं, तोवर सापही जागेवरच. शिवाय दरवेळी स्क्रीन पुसून सगळं पुन्हा छापलं, तर चित्र लुकलुकतं. इथे कर्सेसला तोड नाही. टाइमआउट १०० ठेवला की ते बटणासाठी फार तर १०० मिलिसेकंद थांबतं. काहीच दाबलं नाही तर उणे १ मिळतो आणि साप पुढे सरकतो. स्क्रीनवर जेवढं बदललं तेवढंच ते नव्याने काढतं. १९८०च्या सुमारास आलेला ‘रोग’ (Rogue) हा भुयारांचा खेळ कर्सेसवरच उभा राहिला.

लिनक्स आणि मॅकवर कर्सेस पायथनसोबतच मिळतं. विंडोजवर ‘विंडोज-कर्सेस’ वेगळं टाकावं लागतं. कर्सेसला स्क्रीनवरची जागा सांगताना ओळ आधी, स्तंभ नंतर. आणि प्रोग्राम नेहमी कर्सेसच्या रॅपर फंक्शनमधूनच (ते शेवटी टर्मिनल पूर्ववत करतं) चालवा, नाहीतर मध्येच चूक होऊन तो बंद पडला की टर्मिनल विचित्र अवस्थेत अडकतं.